जुना पीएस२ मुंबईत टिकवायचा तर: सफाई, दुरुस्ती आणि मेमरी कार्डावरचा मॉड

हिरवा दिवा लागतो, मेन्यू येतो, पण डिस्क टाकली की थोडा वेळ घरघर आणि मग लाल पडदा. माळ्यावरून काढलेल्या प्लेस्टेशन २ चं हे नेहमीचं दुखणं, आणि त्यावरचा नेहमीचा निकाल म्हणजे ‘लेन्स गेली, नवी टाका’. या घाईला माझा विरोध आहे. मुंबईतले जुने सेट वयाने कमी आणि दमट हवा, धूळ, झुरळं नि चुकीचं व्होल्टेज यांनी जास्त मरतात. व्होल्टेजचा घोळ सोडला तर बाकीचं बरंचसं घरच्या घरी, एक पेचकस आणि कापसाच्या काड्या घेऊन निस्तरता येतं. आणि सेट स्वच्छ झाला की लेन्सला जवळजवळ कायमची सुट्टी देणारा मॉडही (म्हणजे सेट कसा चालतो त्यात आपण केलेला बदल) आता असा आहे, ज्यासाठी सोल्डरिंग आयर्न हातात धरावं लागत नाही.

सोनीने पीएस२ मार्च २००० मध्ये जपानमध्ये आणला आणि २०१३ च्या सुरुवातीला त्याचं उत्पादन थांबवलं. जगभरात १५ कोटींच्या वर सेट विकले गेले. त्यामुळे सुटे भाग अजून मिळतात, आणि त्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणारी मंडळीही अजून हात आखडता घेत नाहीत. जुन्या कन्सोलपैकी एकच जगवायचा असेल तर मी हाच सांगेन.

आधी पाठीमागचं लेबल वाचा

प्लग लावण्याआधी सेट उलटा करा आणि मॉडेल नंबर बघा. तो एससीपीएच या अक्षरांनी सुरू होतो. १०००० ते ५०००० पर्यंतचे आकडे म्हणजे जाडा ‘फॅट’, ७०००० पासून पुढे पातळ ‘स्लिम’. शेवटच्या अंकावरून बाजारपेठ कळते: ० जपान, १ अमेरिका, ३ ब्रिटन, ४ युरोप, ६ हाँगकाँग-सिंगापूर. काही नंबर या हिशेबात बसत नाहीत, म्हणून शेवटचा शब्द लेबलवर छापलेल्या व्होल्टेजचा.

मुंबईत हे सगळेच सेट सापडतात. कुणाच्या मामाने दुबईहून आणलेला, कुणाच्या आत्याने न्यू जर्सीहून पाठवलेला, कुणी हीरा पन्नातून किंवा मनीष मार्केटमधून बिलाशिवाय घेतलेला. घोळ इथेच होतो. अमेरिकेचा फॅट १२० व्होल्टचा, जपानचा १०० व्होल्टचा. त्याला आठ आकड्याच्या आकाराची जी दोन पिनांची वायर लागते, ती आपल्या जुन्या टेपरेकॉर्डरचीसुद्धा बसते. ती लावली, २३० व्होल्ट आत गेले की ‘फट्’ आवाज येतो आणि पॉवर सप्लाय संपतो. असा सेट असेल तर लोहार चाळीतून २३० चे ११० करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणा. लेबलवर लिहिलेल्या वॅटच्या निदान दुप्पट क्षमतेचा घ्या, आणि हाताला जड लागणारा, आत तांब्याची गुंडाळी असलेलाच घ्या. प्रवासात हेअर ड्रायरला लावतात ते हलके कन्व्हर्टर इथे चालत नाहीत. जपानी सेटला ११० ऐवजी १०० व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर मिळाला तर उत्तम.

स्लिममध्ये ७०००० ते ७९००० च्या मालिकांना बाहेरचा अडॅप्टर लागतो, तो ८.५ व्होल्टचा. ९०००० च्या मालिकेत पॉवर सप्लाय सेटच्या आतच आहे. अडॅप्टर हरवलेला स्लिम घेऊन कुणी तुमच्याकडे आलं, तर घरात पडलेला एलईडी पट्टीचा १२ व्होल्टचा अडॅप्टर ‘पिन बसतेय’ म्हणून लावून बघू नका. ८.५ लिहिलेलाच शोधा, आणि अँपिअर मूळ अडॅप्टरइतके किंवा जास्त असू द्या.

सेट अजून घ्यायचाच असेल तर चोर बाजारात शुक्रवारी सकाळी लवकर जा. तिथे प्लग लावून बघायची सोय मिळेलच असं नाही. म्हणून तीन गोष्टी हाताने आणि नाकाने तपासा. सेट हळूच हलवला की आत काही खुळखुळतंय का? मागच्या जाळीपाशी जळका वास येतोय का? खालच्या स्क्रूंची डोकी झिजलेली आहेत का? झिजली असतील तर आधी कुणीतरी आत हात घालून गेलेलं आहे. स्लिम असेल तर झाकण उघडून लेन्स तिथेच बघता येते. फॅटमध्ये ती सोय नाही, पण फॅट मजबूत असतो आणि जपानचे अगदी सुरुवातीचे सेट सोडले तर त्याच्या पाठीत हार्ड डिस्क बसते. मला निवडायला सांगितलं तर ५०००० मालिकेतला युरोपियन फॅट, चर्चाच नको.

सामान

लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की पायी जाण्याइतका. रविवारी बहुतेक दुकानं बंद, तेव्हा आठवड्यात जा. तिथून चांगल्या पोलादाचा फिलिप्स पेचकस (एक मध्यम, एक बारीक), कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, सीआर२०३२ सेल, प्लास्टिकला चालणारं पांढरं ग्रीस आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. दुकानात ‘आयपीए’ म्हटलं की कळतं. ९९ टक्क्यांचं मागा. औषधाच्या दुकानातल्या ७० टक्क्यांच्या सर्जिकल स्पिरिटमध्ये पाणी असतं आणि ते लेन्सवर डाग सोडतं. तिथे नाही मिळालं तर प्रिन्सेस स्ट्रीटला रसायनांच्या दुकानात नक्की मिळेल.

घरात असलेला गंज सोडवायचा तेलकट स्प्रे मात्र कपाटातच राहू द्या. दाराच्या बिजागरीला तो ठीक. कन्सोलच्या आत त्याचा तेलकट थर उरतो आणि त्यावर मुंबईची धूळ चिखलासारखी बसते. धूळ उडवायला कोपऱ्यावरच्या गॅरेजचा हवेचा पाइपही नको. त्या कॉम्प्रेसरच्या हवेत पाण्याचे नि तेलाचे थेंब असतात. कॅमेऱ्यासाठी मिळणारा रबरी फुगा आणि एक मऊ रंगकामाचा ब्रश पुरेसा.

फॅट उघडताना

वायर काढा, आणि काढून निदान १५ मिनिटं थांबा. आतल्या पॉवर सप्लायमध्ये २३० व्होल्टच्या एसीचा डीसी केला की सुमारे ३२५ व्होल्ट होतात, आणि ते साठवणारा मोठा कपॅसिटर असतो. पॉवर सप्लायच्या पाटीला हात लावायचाच नाही, हा माझा नियम. त्यातला एखादा कपॅसिटर फुगलेला दिसला तर ते काम विजेचं शिकलेल्या माणसाचं.

सेट उलटा ठेवा. तळाला छोटे चौकोनी प्लास्टिकचे आणि रबरी तुकडे बसवलेले दिसतील. ते चपट्या टोकाने उचकटा, खाली स्क्रू असतात. मॉडेलप्रमाणे ८ किंवा १०. मागच्या बाजूला वॉरंटीचा स्टिकर असेल तर तो फाटणारच, त्याचं आता वाईट वाटून घेऊ नका. स्क्रू निघाले की दोन्ही अर्धे हातात घट्ट धरून सेट सरळ करा आणि वरचं झाकण सावकाश उचला. समोरच्या पॉवर-इजेक्ट बटणांची चपटी पट्टी केबल आत जोडलेली असते. झटक्यात ओढलं तर ती फाटते, आणि मग सेट चालू करायलाच बटण उरत नाही.

आत काय दिसेल? मुंबईतला सेट असेल तर पंख्याच्या पात्यांवर राखाडी लोकरीसारखा थर, मेटलच्या पत्र्यावर लालसर गंजाचे ठिपके आणि कोपऱ्यांत मिरीच्या कणांसारखी काळी खडी. ती झुरळांची विष्ठा. झुरळांना उबदार, अंधारी आणि फारशी न हलवली जाणारी जागा आवडते, आणि टीव्हीखालचा कन्सोल या तिन्ही अटी पुरवतो. विष्ठा ओल धरते आणि बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खाते, म्हणून ती नुसती फुंकून चालत नाही. ब्रशने कोरडी झाडा, मग आयपीएत बुडवलेल्या काडीने त्या जागा पुसून काढा. काडी तपकिरी व्हायची थांबेपर्यंत काड्या बदलत राहा. तोंडाला रुमाल बांधा आणि काम खिडकीशी करा, स्वयंपाकघराच्या ओट्यावर नको.

पंख्यावर हवा मारताना पातं बोटाने धरून ठेवा. मोकळा सोडलेला पंखा हवेने वेगात फिरला की उलट वीज तयार करतो. थर निघाला की पंखा हाताने फिरवून बघा. खरखरत असेल तर बदला. नवा घेताना जुना सोबत न्या, माप, जाडी आणि वायरीचा जोड जुळवूनच घ्या. मुख्य चिपांवरचे थर्मल पॅड (चिपची उष्णता पत्र्याकडे नेणाऱ्या मऊ गाद्या) उगाच काढू नका. काढावेच लागले तर त्याच जाडीचे पॅड घाला. त्या जागी नुसती पेस्ट लावली तर चिप आणि पत्रा यांच्यातली फट भरत नाही, आणि सेट पूर्वीपेक्षा जास्त तापतो.

सेट चालू करताना दर वेळी तारीख विचारत असेल तर सीआर२०३२ सेल संपलेला आहे. त्याची जागा मॉडेलप्रमाणे बदलते, पण नाण्यासारखा असल्यामुळे लगेच सापडतो. नवा घाला, विषय संपला.

लेन्स: निदान आधी, काडी नंतर

लेन्स पुसण्याआधी तीन डिस्क हाताशी ठेवा: चंदेरी तळाची डीव्हीडी गेम, निळ्या तळाची सीडी गेम (पीएस२ च्या सुरुवातीच्या बऱ्याच गेम निळ्या सीडीवर आल्या), आणि एखादी गाण्यांची छापील ऑडिओ सीडी. या लेझरच्या पोटात दोन वेगळे प्रकाशस्रोत आहेत, डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा आणि सीडीसाठी ७८० चा. डीव्हीडी चालते पण दोन्ही सीडी अडतात, किंवा याच्या उलट, असं असेल तर एक स्रोत थकलाय असा संशय घ्यायला जागा आहे. तिन्ही अडत असतील तर दोन्ही स्रोत एकाच दिवशी मेले असण्यापेक्षा भिंगावर बुरशी, रुळांवर सुकलेलं ग्रीस किंवा सैल पट्टी केबल असण्याची शक्यता कितीतरी जास्त. घरी जाळलेल्या, म्हणजे संगणकावर राइट केलेल्या डीव्हीडीवर परीक्षा घेऊ नका. त्यांचा परावर्तित प्रकाश मुळातच कमजोर, चांगल्या लेन्सलाही त्या जड जातात. २००५ च्या सुमारास फुटपाथवर मिळायच्या त्या डिस्कांनी शहरातल्या किती लेन्स दमवल्या असतील कोण जाणे.

फॅटच्या ड्राइव्हवर एक पत्र्याचं झाकण असतं, चार छोट्या स्क्रूंचं. ते उचललं की डिस्क दाबून धरणारी चकती वर येते आणि खाली लेन्स दिसते, काळ्या ठोकळ्यात बसवलेला हरभऱ्याच्या दाण्याएवढा काचेसारखा फुगवटा. टॉर्च तिरका धरून बघा. स्वच्छ भिंगावर निळसर-जांभळी झाक दिसते. बुरशी असेल तर पांढुरकी जाळी किंवा कडेने धुकं.

कापसाच्या काडीवर आयपीएचा एक थेंब घ्या आणि जास्तीचा टिश्यूवर टिपून टाका, काडी ओली नको, फक्त दमट हवी. भिंगाच्या मधोमध टेकवा आणि गोल गोल फिरवत कडेकडे या. दाब अजिबात नको. भिंग अतिशय नाजूक तारांच्या झुल्यावर बसलेलं असतं, बोटाच्या वजनाने ते खाली जातं हे तुम्हाला दिसेल. तिथेच थांबा. दुसऱ्या, कोरड्या काडीने तोच प्रवास पुन्हा करा. मग १० मिनिटं उघडं ठेवा. बाजारात ब्रश चिकटवलेल्या ‘लेन्स क्लीनर’ डिस्क मिळतात. बुरशी त्यांना दाद देत नाही, आणि वेगात फिरणारा ब्रश भिंगावर आपटणं मला तरी मान्य नाही.

आता रूळ. लेन्सचा ठोकळा ज्या दोन दांड्यांवर पुढे-मागे सरकतो त्या बघा. जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं. ते आयपीएने पूर्ण काढा, नवं ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढं घ्या आणि दात्याच्या बाजूचं चाक हाताने फिरवून ठोकळा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवा, म्हणजे ग्रीस पसरतं. भिंगावर बोट लागू देऊ नका. नुसत्या या कामाने, भिंग न पुसतासुद्धा, ‘गेलेल्या’ लेन्स परत येतात.

फॅटच्या ड्राइव्हमध्ये एक पांढरं दातेरी चाक आहे, त्याने लेन्सचा कल बदलतो. ते फिरवायचा मोह सगळ्यांना होतो. सफाईनंतरही वाचन अडखळत असेल तरच हात लावा. आधी मार्करने त्याची मूळ जागा खुणवा, आणि एका वेळी एकच दात सरकवून डिस्क तपासा. ठोकळ्यावर सूक्ष्म स्क्रूसारखे जे पोटेन्शिओमीटर असतात, ते फिरवून लेझरची ताकद वाढवण्याचे सल्लेही ऐकायला मिळतील. वाढते, थोडे दिवस, आणि मग लेझर जळतो.

इतकं करूनही डिस्क वाचली जात नसेल तर मात्र नवी लेन्स. फॅटमध्ये बहुतेक केएचएस-४०० कुळातली असते, पण जुनी काढून तिच्यावरचं नाव वाचूनच मागवा. नव्या लेन्सच्या पाटीवर स्थिर विजेपासून बचावासाठी सोल्डरचा एक ठिपका जोडलेला असू शकतो. तो असेल तर बसवल्यावर काढावा लागतो, नाहीतर नवीकोरी लेन्सही ढिम्म राहते आणि बिचाऱ्या दुकानदाराशी भांडण होतं.

स्लिमचं काम सोपं. वरचं झाकण उघडलं की लेन्स समोरच, सफाईसाठी स्क्रू काढायची गरज नाही. पण सेट पूर्ण उघडणार असाल तर लेन्सच्या पट्टी केबलला जपा. ती घडी पडून अर्धवट तुटली तर नुकसान फक्त केबलपुरतं राहीलच असं नाही, लेझर चालवणारी चिपही सोबत जाऊ शकते.

कंट्रोलर

ड्युअलशॉक २ ची बटणं स्वतःहून दाबली जात असतील, तर आतली पारदर्शक पट्टी आणि पाटी यांच्यातला संपर्क सैल झालेला असतो. तळाचे स्क्रू काढा, पट्टीचं आणि पाटीचं टोक आयपीएने पुसा, आणि जिथे पट्टी पाटीवर दाबली जाते तिथला फोम चपटा झाला असेल तर त्यावर इन्सुलेशन टेपची एक-दोन घड्यांची गादी द्या. अॅनालॉग दांडी आपोआप एका बाजूला सरकत असेल तर तिच्या बुडाशी कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा मारून दांडी सगळ्या दिशांना भरपूर फिरवा. मेमरी कार्डाच्या खाचेतल्या पट्ट्यांवर समुद्राकडच्या घरांमध्ये हिरवट काट चढते. वरळी, वर्सोवा, माहीमकडच्या सेटांत ती आधी बघा.

मॉड: चिप नको, कार्ड घ्या

पूर्वी मॉड म्हणजे मदरबोर्डावर चिप आणि तिच्यापासून निघालेल्या केसासारख्या तारा. मुंबईतल्या पुष्कळ जुन्या सेटांत ती आजही सापडेल. चालत असेल तर राहू द्या, पण नव्याने चिप बसवण्यात आता काहीच अर्थ नाही. ‘फ्री मॅकबूट’ नावाचं सॉफ्टवेअर साध्या ८ एमबीच्या मेमरी कार्डावर बसतं. कार्ड पहिल्या खाचेत घालून सेट चालू केला की नेहमीच्या मेन्यूऐवजी त्याचा मेन्यू येतो. सेटमध्ये कायमचं काहीच बदलत नाही. कार्ड काढलं की पीएस२ पूर्ववत.

फॅट आणि बहुतेक स्लिमवर ते चालतं. अडचण फक्त ९०००० मालिकेच्या शेवटच्या सेटांत, कारण फ्री मॅकबूट ज्या पळवाटेने आत शिरतं ती सोनीने तिथे २.३० क्रमांकाच्या बायॉसमध्ये (सेटच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) बुजवली. लेबलवरच्या तारखेच्या सांकेतिक अक्षरांत ‘८डी’ किंवा त्यानंतरचं काही दिसलं तर ते चालणार नाही. ‘८सी’ असेल तर चालेल किंवा नाही चालणार. अशा सेटसाठी ‘ओपनट्यूना’ आहे, तेही मेमरी कार्डावरच बसतं. दुसरा रस्ता ‘फ्री डीव्हीडी बूट’चा, तो २०२० मध्ये आला. सेटच्या डीव्हीडी प्लेअरमधल्या त्रुटीतून तो आत शिरतो. डीव्हीडीवर जाळायची एक फाइल, बस. स्लिमवर वापरताना सेटिंगमधली भाषा इंग्रजी ठेवावी लागते.

कार्ड तयार कसं करायचं? सगळ्यात सोपं म्हणजे आधीच बसवून मिळणारं विकत घ्या. किंवा ओळखीच्या कुणाचं तयार कार्ड पहिल्या खाचेत, तुमचं रिकामं दुसऱ्या खाचेत, आणि यूएसबी स्टिकवर इन्स्टॉलर. कार्डावरच्या फाइल नुसत्या कॉपी करून भागत नाही, कारण त्या त्या-त्या कार्डाशी बांधलेल्या असतात. इन्स्टॉलरनेच बसवाव्या लागतात. तो ‘नॉर्मल’ आणि ‘मल्टी’ असं विचारतो, नॉर्मल निवडा. आणि त्या एक-दोन मिनिटांत कार्डाला हात नको. ज्यांच्याकडे वीज जाते-येते त्यांनी हे काम इन्व्हर्टरवर केलेलं बरं. ६४ किंवा १२८ एमबी छापलेली स्वस्त कार्डं टाळा, त्यांच्यावर सेव्ह केलेलं उडून जायची तक्रार जुनीच आहे.

पुढचा तुकडा ‘ओपन पीएस२ लोडर’, ओपीएल. हा गेमची प्रतिमा (डिस्कच्या जशाच्या तशा नकलेची फाइल) डिस्कऐवजी दुसरीकडून वाचतो. कुठून, यावर सगळं अवलंबून. पीएस२ चा यूएसबी १.१ जातीचा, सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे प्रत्यक्षात एक एमबीच्या आसपास. डीव्हीडी ड्राइव्ह याच्या कितीतरी पट वेगाने वाचतो. म्हणून पेन ड्राइव्हवरून गेम सुरू होते पण मधले व्हिडिओ अडखळतात, पात्रांचे ओठ आणि आवाज यांची फारकत होते. फॅटवाल्यांसाठी सर्वोत्तम उपाय म्हणजे नेटवर्क अडॅप्टरला जोडलेली हार्ड डिस्क किंवा एसएसडी. सोनीचा अडॅप्टर जुन्या आयडीई जोडाचा आहे, पण आजच्या डिस्कांना लागणाऱ्या साटा जोडाची पाटी असलेले बदली अडॅप्टर मिळतात. स्लिमवाल्यांनी ‘एमएक्स४एसआयओ’ घ्यावा, हा मेमरी कार्डाच्या आकाराचा तुकडा, त्यात मायक्रो एसडी कार्ड जातं. वेग यूएसबीपेक्षा बरा, वायर नाही, किंमतही परवडणारी. स्लिमच्या लॅन पोर्टवरून संगणकातल्या फाइल वाचता येतात आणि वेगही चांगला मिळतो, पण पीएस२ ला नेटवर्कवरून फाइल देण्याचा जुना प्रकार, एसएमबी १, लागतो आणि आजचं विंडोज तो सुरक्षेसाठी बंद ठेवतं. घरच्या मुख्य संगणकावर तो उघडू नका.

एमएक्स४एसआयओची कृती अशी. एसडी कार्ड संगणकावर एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा (फॅट३२ मध्ये ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही). त्यात सीडी आणि डीव्हीडी नावाचे दोन फोल्डर करा, इंग्रजी कॅपिटल अक्षरांत. निळ्या डिस्कांच्या प्रतिमा पहिल्यात, चंदेरींच्या दुसऱ्यात. फाइल एकामागून एक कॉपी करा, मधल्या काढून पुन्हा भरू नका. ओपीएलला प्रत्येक फाइल सलग, तुकडे न पडलेली लागते. मग अडॅप्टर दुसऱ्या खाचेत, फ्री मॅकबूटचं कार्ड पहिल्यात, आणि ओपीएलच्या सेटिंगमध्ये ब्लॉक डिव्हाइसेस ‘ऑटो’ करून एमएक्स४एसआयओ चालू करा. यासाठी ओपीएलची नवी आवृत्ती हवी. शेवटी ‘सेव्ह चेंजेस’ दाबायला विसरलात तर पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून.

एखादी गेम काळा पडदा दाखवत अडली तर तिच्या सेटिंगमध्ये १ ते ६ मोड आहेत. आधी मोड १ करून बघा, मग २, मग ३. मोड ४ हा गेमच्या मधले व्हिडिओ गाळतो, पेन ड्राइव्हवाल्यांना उपयोगी. खेळताना एल१, एल२, आर१, आर२, सिलेक्ट आणि स्टार्ट एकत्र दाबलं की गेममधून थेट बाहेर. सोफ्यावरून उठायला नको.

प्रतिमा कुठून आणायच्या? स्वतःच्या डिस्कांच्या करा. बाहेरचा यूएसबी डीव्हीडी रायटर आणि संगणकावर ‘इमेजबर्न’ हे सॉफ्टवेअर, एवढ्यात होतं. डिस्क आधी पुसा, मधून बाहेर सरळ रेषेत, गोल नाही. निळ्या सीडीचा छापील भाग ओरबाडू देऊ नका. सीडीत माहितीचा थर त्या छपाईच्या अगदी खाली असतो, डीव्हीडीत तो दोन चकत्यांच्या मध्ये सुरक्षित असतो. आपल्याकडच्या डिस्कांच्या बाबतीत तर हे काम लांबणीवर टाकूच नका. हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने २००९ मध्ये ‘हनुमान: बॉय वॉरियर’ पीएस२ साठी केली. अशा भारतीय गेमच्या चांगल्या प्रती आता शोधाव्या लागतात, आणि बुरशी धरलेली डिस्क दरवर्षी थोडी आणखी जाते.

आजच्या टीव्हीवर

पिवळी-पांढरी-लाल वायर नव्या टीव्हीला लावायला जागाच नसते, असली तर चित्र पुसट. मागच्या एव्ही जोडात बसणारा छोटा एचडीएमआय अडॅप्टर घ्या. तो कॉम्पोनंट सिग्नल उचलतो, म्हणून आधी पिवळ्या वायरवर सेट चालू करून सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये ‘कॉम्पोनंट व्हिडिओ आउट’ हे आरजीबीवरून वाय-पीबी-पीआर वर न्या, आणि मगच अडॅप्टर जोडा. हे राहिलं तर सगळं चित्र हिरवं दिसतं आणि अडॅप्टरला उगाच दोष जातो. ओपीएलमधल्या जीएसएम नावाच्या, चित्राचा प्रकार बदलणाऱ्या सोयीने अनेक गेम ४८०पी या जास्त स्पष्ट चित्रात ढकलता येतात, फरक डोळ्यांना लगेच दिसतो. पीएस१ च्या काही गेम २४०पी हे जुन्या, कमी रेषांचं चित्र सोडतात आणि काही टीव्ही ते घेतच नाहीत. भंगारवाल्याकडून चालू स्थितीतला पिक्चर ट्यूबचा टीव्ही उचलायची जागा घरात असेल तर प्रश्नच मिटला, फक्त तो टीव्ही उघडू नका. त्यातलं व्होल्टेज पीएस२ च्या खेळण्यातलं नाही.

जून ते सप्टेंबर

पावसाळ्यात बंद ठेवलेला सेट सगळ्यात लवकर बिघडतो. आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवा, आतली ऊब ओल बाहेर काढते. एसीच्या खोलीतून बाहेरच्या दमट खोलीत नेला तर लगेच चालू करू नका, थंड भिंगावर दव धरतं. तासभर थांबा. लांब ठेवायचा असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर टाकू नका. क्लिपचं घट्ट झाकण असलेला डबा आणि त्यात रंग बदलणारे सिलिका जेलचे दाणे ठेवा. रंग उतरला की दाणे पाकिटावर लिहिल्याप्रमाणे तापवून पुन्हा वापरता येतात. तांदूळ नको, त्याचा भुसा आत जातो. कपड्यांच्या कपाटातल्या डांबरगोळ्याही नकोत, त्यांची वाफ काही प्लास्टिकला बाधते. झुरळांसाठी जेलचे ठिपके टीव्हीच्या कपाटामागे, भिंतीलगत लावा. सेटच्या जाळीत फवारा मारू नका, आणि झुरळ आत शिरू नये म्हणून जाळीवर कापड चिकटवण्याचा उद्योगही करू नका, पंख्याला हवा ओढायला तीच एक वाट आहे.